बारा अमावास्या

नियम मीच लिहिला, माझ्या अक्षरात,
संघाच्या निळ्या वहीत, पान एकवीस:
नव्याने आलेल्याने, बाई असो की बाप्या,
बारा अमावास्यांच्या ओहोट्या वाकून काढाव्यात,
मगच सभेत तोंड उघडावं.
तोवर मागचा बाक.
गालिसियाच्या या खाडीत आमच्या आज्या शिंपले काढायच्या,
तेव्हा वही नव्हती, बाकही नव्हता.

नियमाला कारण होतं. त्याचं नाव फाउस्तीनो.
आला तेव्हा हाताला एक घट्टा नाही,
जिभेवर मात्र साखर.
महिना भरायच्या आत त्याने अख्ख्या संघाला पटवलं
की माल एकाच दलालाला द्यावा, भाव बांधून.
आम्ही हात वर केले.
नाताळात भाव दुप्पट झाला, दलाल त्याचा मेव्हणा निघाला,
आणि फाउस्तीनो कुठल्या बंदरात उतरला
हे त्याच्या घरमालकिणीलाही कळलं नाही;
तिचं भाडं अजून येणं आहे.

दुधाने तोंड पोळलेलं आमचं.
ताक आलं, तर तेही वर्षभर फुंकत बसलो.

ताक म्हणजे यास्ना, चिलोए बेटावरची,
दुसऱ्या गोलार्धातला चिखल नखांत घेऊन आलेली.
सातव्या वर्षापासून आईच्या मागे शिंपले वेचलेली.
नवख्यांना देतो तो लांबचा पट्टा तिला दिला,
ओढ्याच्या तोंडाशी, जिथे कुणी जात नाही.
म्हणजे जिथे पाहणारी ती एकटी,
तिथलं सांगायची बंदी तिलाच.
हा हिशेब मला दिसला नाही.
जमाखर्च मी बावीस वर्षं ठेवते आहे.

आठव्या अमावास्येला तिने माझ्या बादलीत
मूठभर पिल्लं टाकली. काळी, तोंड वासलेली,
सडक्या अंड्याचा वास, आणि वर
हिरव्या शेवाळाचा एक लांब धागा.
बोलली नाही. सभा दोन तासांवर होती.
मला कळलं होतं.
सभेत विषय होता नवा वजनकाटा.
मी वजनकाट्यावर बोलले.

वसंतात शेवाळ आमच्या पट्ट्यांवर आलं.
ओबदुलियाने दाताळं एकदाच ओढलं
आणि चिखलात मटकन बसली.
नुकसानीच्या रकान्यात, कारणापुढे,
मी लिहिलं: निसर्ग.
शाई चांगली होती. अजून फिकी पडली नाही.

मग मी ठराव आणला, बाराच्या तीन करू.
योगायोग असा, त्याच दिवशी यास्नाच्या बारा भरल्या.
ती उठली. माना वळल्या.
तिचा आवाज त्या भिंतींनी ऐकला नव्हता;
जाडाभरडा निघाला, दोरखंडासारखा.
"मी बारा काढल्या," ती म्हणाली.
मागच्या बाकावरच्या कोवळ्या पोराकडे बोट केलं.
"याने का काढू नयेत?"

ठराव एका मताने पडला.
मत कुणाचं, हे वहीत लिहायची पद्धत नाही.

रागावणार कशी?
जे सोसलं ते फुकट गेलं,
असं कुणाच्या तोंडावर म्हणवतं?

आता लांबच्या पट्ट्यावर तो पोरगा असतो, आन्शो.
परवाच्या ओहोटीला मी बादली उचलली
आणि त्याच्या शेजारी जाऊन वाकले.
नियम सभागृहाचा. चिखलाला पान एकवीस नाही.
विचारलं, "काय दिसतंय?"

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं.
पन्नास पावलांवर यास्ना, पाठ आमच्याकडे,
दाताळं थांबलेलं.

"तुमच्या डाव्या बुटाला," तो पुटपुटला,
"भोक आहे."

ते मला महिनाभर ठाऊक होतं.
तरी म्हटलं, बरं झालं सांगितलंस.
आणखी?