कपाट क्रमांक तीन

भूगर्भशास्त्र विभागात, जिन्याखालच्या खोलीत
एक जुना संगणक आहे. त्याला एकच काम येतं:
माझ्या गाइडनं तरुणपणी मोजलेले खडक वाचायचं.
नवे संगणक त्या फायलींना हात लावत नाहीत.
परवापासून तोही लावत नाही.

आधी संगणक केंद्रात गेले. अर्ज मिळाला,
गुलाबी, तीन प्रतींत, विभागप्रमुखांच्या सहीचा.
प्रमुख कच्छला, फील्डवर. सहीही फील्डवर.
केतुलभाई भला माणूस, म्हणाला,
‘एनुं मॅन्युअल तो हशे ने?’

होतं ना. कपाट क्रमांक तीन. किल्ली रमणभाईंकडे,
रमणभाई चहाला.
आत चार खंड: पहिला, दुसरा, चौथा आणि चौथा.
तिसऱ्याच्या जागी पिवळी चिठ्ठी,
‘सोमवारी परत आणतो.’ सोमवार कुठला ते नाही.
चौथ्यात म्हटलं होतं, अडचण आल्यास
आपल्या सिस्टिम मॅनेजरला भेटावे.
मी खोलीभर पाहिलं.
बेसाल्टचे तुकडे होते, आणि एक पाल.

खंडांच्या मागे वही सापडली,
जुन्या प्रिंटआउटच्या पाठकोऱ्या कागदांची,
कडेची छिद्रं तशीच, सुतळीनं शिवलेली.
वर निळ्या शाईत: सौ. मंदाकिनी फणसे, ऑपरेटर.

‘पंख्याचा आवाज वाढल्यास जाळी ब्रशने झटकावी.
फुंकर मारू नये, धूळ आपल्याच डोळ्यांत येते.’
‘लाइट गेल्यास आधी मेन बंद करावा, मग देवाला हात जोडावे.’
‘पासवर्ड माझ्या नवऱ्याचे नाव नाही.
सगळे तेच घालून बघतात.’
‘डॉ. मजमुदारांच्या टेबलावर चुंबक आहे.
फ्लॉपी तिकडे नेऊ नये. सरांना सांगून उपयोग नाही.’

माझी अडचण तेवढी कुठे नव्हती.
शेवटच्या पानावर फोन नंबर, सहा आकडी,
पुढे वेगळ्या पेनानं दोन लावून सात केलेला.
लागला.

‘कोण? विभागातून? कुठल्या कपाटातून काढलीस?’
तीन.
‘कुरकुरतं अजून?’
हो.
‘बरं, पटकन बोल. परवा उत्तरायण, गूळ चढवलाय गॅसवर.
काय म्हणतोय तो?’
काहीतरी एरर देतोय, मॅडम.
‘काहीतरी तो देत नाही. काहीतरी तू वाचतेयस.
वाच. मोठ्यानं. स्वल्पविरामासकट.’

तीन वर्षं बडोद्यात मी दगड वाचतेय,
सूक्ष्मदर्शकाखाली, कण न् कण,
आणि पडद्यावरची ती करडी दोन ओळींची पाटी
रोज ओके दाबून घालवली,
दुपारी दारावर आलेल्या विक्रेत्यासारखी.
आता वाचली: ड्राइव्ह नॉट रेडी,
इन्सर्ट की डिस्क अँड ट्राय अगेन.
कानाला ते रागावल्यासारखं नाही वाटलं.
काहीतरी मागत होता बिचारा.

‘की म्हणजे किल्ली,’ फणसेबाई म्हणाल्या.
‘ड्राइव्हमधली मेली असेल, वय झालं तिचं.
दुसरी चौथ्या खंडाच्या मागच्या खिशात.’
कुठल्या चौथ्या?
‘ज्याचा कणा फाटलेला नाही त्या. अगं,
पहिली मजमुदारांच्या चुंबकानं खाल्ली
म्हणून तर अख्खा खंड पुन्हा मागवला.
दोन चौथे का, हे कुणी विचारलंच नाही वाटतं
इतक्या वर्षांत?’

खर्र, खर्र, मग थोडी शांतता,
मग हिरवे आकडे खाली उतरू लागले:
पावागडचा पायथा, नमुना एक, नमुना दोन.
फोनवर मी ओरडलेच.
‘वहीत लिही,’ त्या म्हणाल्या, ‘माझा पाक करपतोय,’
आणि ठेवला.

रमणभाईंकडून पेन घेतलं.
तारीख घातली. लिहिलं,
‘एरर आल्यास मोठ्याने वाचावी, स्वल्पविरामासकट.
डिस्क दुसऱ्या चौथ्या खंडात होती. आता यंत्रात आहे.’
शाई वाळेपर्यंत थांबले,
मग खाली, जरा बारीक अक्षरात:
‘ही शेवटची. यापुढचे मला माहीत नाही.’