ब्रेक

कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे
कुलवंतसिंगच्या गॅरेजवर
बाबांनी रंगवलेली पाटी अकरा वर्षं होती.
पिवळ्यावर लाल, अक्षरांना काळी सावली.
देवनागरीत काही चुकलं नव्हतं.
खालच्या इंग्रजी ओळीत मात्र
थांबवणाऱ्या ब्रेकच्या जागी
तोडणारा ब्रेक बसला होता.

ट्रक येत, थांबत, जात.
एकाही ड्रायव्हरने काही मोडून मागितलं नाही.

मी सातवीत. लुनावर मागे,
मांडीत टर्पेन्टाइनचा डबा.
त्या वर्षी खोब्रागडे टीचर दर शनिवारी
फळ्यावर जुळी लिहायच्या:
एकाच आवाजात भोक आणि अख्खं,
एकाच आवाजात पीठ आणि फूल,
ऐकायला एक, लिहायला दोन, चुकलं की अर्धा मार्क.
मी पाटी वाचली आणि बोलून गेले.

"कानाले तं एकच आयकू येते न, बाई."
"पन डोयाले दोन दिसते, बाबा."

लुना पुढे गेली.
पागलखाना चौकापर्यंत ते काही बोलले नाहीत.
मग वळवली.

मे महिना, दुपारचे दोन,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
कुलवंतसिंग बाजेवरूनच म्हणाला,
"छोड़ो शालिकभाऊ, कौन पढ़ता है?"
बाबा शिडी लावत होते.
"माही पोरगी वाचते."

मधला ई पिवळ्याखाली बुजवला.
उरलेली दोन अक्षरं पुसून
एकेक घर अलीकडे आणली,
आणि ई नेऊन बसवला शेवटी,
पंगतीत चुकून पुढे बसलेल्या पाहुण्याला
हात धरून त्याच्या पाटावर न्यावं, तसा.
दुपट्ट्यातून घाम ब्रशवर गळत होता.
मी खाली शिडी धरून.
पत्र्याचा चटका शिडीतून माझ्या तळव्यांपर्यंत येत होता.
सही होती तिथेच राहिली: शालिक पेंटर, इंदोरा.
पैसे मागितले नाहीत. त्यानेही विचारलं नाही.

रात्री कूलरसमोर ते पालथे पडले.
आईने तेलाची वाटी आणली.
"काय दुखून राह्यलं?"

"मान," ते उशीत तोंड खुपसून म्हणाले.

आमच्याकडेही आहेत की असे शब्द.
लिहायलाही सारखेच,
ई इकडचा तिकडे करायचीसुद्धा सोय नाही.
तो म्हटलं की एक,
ती म्हटलं की दुसरी.

मी तेल चोळत राहिले.
तो की ती, विचारलं नाही.