एका तासाची नळी

नळी सरळ उभी करायची.
तिरकी झाली तर रक्त खोटं बोलतं,
लॅबमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.
मग घड्याळ लावायचं, एक तास.
लाल खाली बसतं, वर पिवळसर पाणी उरतं,
किती मिलिमीटर, तेवढं लिहायचं.

आजच्या नळीवरच्या पट्टीवर माझंच अक्षर :
राजव्वा गाजुल, ५४, स्त्री.
'आई' लिहायला रकाना नसतो.

अकरालाच अक्कलकोट रोड पांढरा पडलाय.
कूलरच्या टाकीत कालचंच पाणी,
नळाला आता परवा.

मी नऊ वर्षांची असताना
बिडीच्या कात्रीचं टोक अंगठ्यात घुसलं.
आईनं आधी पान बघितलं, मग अंगठा.
रात्री तो लाल, टम्म, गरम,
आत कुणी माग लावल्यासारखा ठसठसणारा.
'वापू वच्चिंदी', ती म्हणाली. सूज आली.
तेलुगूत येते, मराठीतही येतेच.
दोन्हीकडं कुणी विचारत नाही, कुठून.

पुढं डीएमएलटीच्या वहीत कळलं, कोण कोण आलं होतं.
कातडीखाली शिरांना टेकून राखणदार पेशी बसतात,
पोटात पुड्या बांधून.
टोक घुसताच त्यांनी पुड्या फोडल्या.
शिरा रुंदावल्या, भिंतींचे सांधे सैल झाले,
पाणी पाझरलं, म्हणून टम्म,
रक्ताची गर्दी झाली, म्हणून लाल, म्हणून गरम.
ठसठस एवढ्यासाठी, की मी अंगठा वापरू नये.
मग पांढऱ्या पेशी,
भिंतीला चिकटत, गडगडत, पत्ता शोधत,
फटीतून अंग चोरून बाहेर.
जंतू खातात, खाता खाता मरतात.
मी फ्रॉकला पुसला तो पू म्हणजे त्याच.
शेवटी आल्या मोठ्या तोंडाच्या, सावकाश चालणाऱ्या,
त्यांनी मेलेल्यांना उचललं
आणि 'बास' म्हणाल्या.
वहीत इथं दोन रेघा मारल्यात :
दाह दमून थांबत नाही,
त्याला थांब म्हणावं लागतं.
मग विणणाऱ्या पेशींनी धागा टाकला.
अंगठ्यावर ती वीण अजून आहे,
चादरीच्या काठासारखी, जरा जाडीभरडी.

वीस मिनिटं. लाल बरंच खाली.

दोन वर्षं झाली, सकाळी आईच्या मुठी उघडत नाहीत.
कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवते,
मग सूप मांडीवर घेते.
हजाराच्या जागी सहाशे बिड्या,
त्यातल्याही चेकर छाटतो.
'काय टोचलं नाही की गं', म्हणते,
हात पालथे करून दाखवते, मग उताणे.
खरंच, काही टोचलेलं नाही.
तरी तेच सगळे आलेत, त्याच पुड्या, तीच गर्दी,
काटा नसलेल्या सांध्यात काटा शोधतायत,
सापडेना म्हणून घरच खणतायत.
बास म्हणणारं कुणी येत असेलही,
त्या कालव्यात ऐकतंय कोण.
तंबाखूची धूळ म्हणावी, का तिच्या आईची बोटं,
वहीत या ओळीपुढं नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

दाह असला की रक्तात चिकट प्रथिनं वाढतात,
लाल पेशी एकमेकींना धरून चळत होतात,
बिडीच्या हप्त्याची नाणी ती रचायची तशी.
चळत जड. लवकर बुडते.

तास झाला.
मी डोळा नळीच्या रेषेत आणते, दोनदा वाचते,
लिहिते.

बाहेर बाकावर ती माझा डबा धरून बसलीय.
झाकण तिला निघालं नाही, तसाच मांडीवर.
'किती आलं?'
मी झाकण काढते. कडक भाकरी, शेंगाची चटणी.
'बहात्तर.'
तिला वाटतं, शंभरापैकी.
'पास की मग', म्हणते,
आणि भाकरीचा तुकडा मोडायला जाते,
मोडत नाही.