सद्यस्थिती

तालुक्याहून पत्र आलं, सोबत चार पानी तक्ता:
आपल्या गावाचा इतिहास व वारसा,
पंधरा तारखेच्या आत, दोन प्रतींत.
सरपंचबाई म्हणाल्या, मॅडम, अक्षर तुमचं चांगलं.
झालं.

किल्ला? नाही. साल्हेर दिसतो,
पण तो दुसऱ्यांच्या तक्त्यात.
लेणी? नाहीत.
थोर व्यक्ती? इथे पेन थांबलं.
टेंभगव्हाणात थोर म्हणजे वयाने,
आणि ते सगळे पारावर बसून
डाळिंबाच्या भावाला शिव्या घालत होते.

केवळबाई म्हणाली, दगड लिहा ना.
कोणता?
ज्याच्यावरून पाणी जातं, तो.

बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटावर चार फड.
तिसऱ्या फडाच्या तोंडाशी हा आडवा,
पुरुषभर लांब, मधोमध खाच पडलेला.
खाचेतून जाईल तेवढं पाणी खालच्या फडाचं.
हिशेब एवढाच. कागद नाही, सही नाही.
राखणारा सुपडू अहिरे, पाटकरी,
त्याचा बाप पाटकरी, आजा पाटकरी.
पूर्वी शेतामागे एक पेंढी मिळायची,
आता पैसे, तेही पुढच्या महिन्यात.

पाट कोरडा होता. चार पोरांनी पहारी लावून
दगड उलटला.
खाली चिखल, दोन खेकडे
आणि एक माणूस.
हातात ढाल, अंगात लढाई.
मागे तीन गाई, एकीला वासरू लुचतंय.
माथ्यावर चंद्र-सूर्य,
त्यांच्या खाली तोच पुन्हा, पिंडीपुढे हात जोडून,
मेल्यानंतरचा.
नाव कुठेच नाही.
मोबाइलवर एकच फोटो नीट आला,
त्यातही कडेला माझं बोट.

केवळबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं,
न्हाऊ घातलेल्या पोराचं पुसावं तसं:
इतला दिन पालथा झोपेल व्हता का रे भाऊ?

मग गुलाल आला.
कोणी म्हणालं, हा आमच्या कुळातला.
कोणी म्हणालं, आमच्याच.
दिवेलागणीपर्यंत त्याला तीन आडनावं लागली
आणि एकाची कॉलर फाटली.
चौकात चौथरा बांधू, वर छत्री,
पाटावर काय, सिमेंटचा टाकू नवा.

सुपडू इतका वेळ मागे उभा होता.
पुढे येऊन त्या खाचेत त्याने चार बोटं ठेवली.
सिमेंटावर पाणी पळतं, तो म्हणाला.
इथं ते जरा थांबतं, बघतं, मग वाटून जातं.
खालच्यांचं काय करता, तेवढं सांगा.

खालच्या फडात भिल्लांची चार घरं,
हुसेन बागवानाची वांगी,
केवळबाईचा अर्धा बिघा.
यांच्यातलं कुणीही
त्या तीन आडनावांत नव्हतं.

ठराव झाला नाही. चहा झाला, गार.

सकाळी गेले तर दगड जागेवर. पालथा.
कोणी ठेवला, ते गावाला विचारू नये.
चार पोरांना न आवरलेला दगड
एकटा म्हातारा काय सरकवणार,
पण काठावरच्या ओल्या मातीत पावलं होती,
अनवाणी, लहान-मोठी, बरीच,
आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा.
गुलाल तेवढा गवतावर राहिला होता.

तक्त्यात लिहिलं: वारसा, एक.
सद्यस्थितीला पर्याय तीन:
सुस्थितीत, मोडकळीस, नष्ट.
तिन्ही खोडून मी लिहिलं: वापरात.

फोन आला. मॅडम, असा पर्यायच नाही.
मग पाठवा माणूस बघायला, म्हटलं,
पण पाळी सोमवारी असते,
आणि चिखलाचे बूट आणायला सांगा.

काल पाट सुटला. वरून सुपडूची आरोळी आली,
पाणी वनं हो, पाणी वनं!
केवळबाईने लुगडं खोचलं, दारं धरलं.
खाचेतून तिच्या वाट्याचं आलं,
कमी नाही, जास्त नाही.
दगडाकडे तिने पाहिलंही नाही.

दुसरी प्रत अजून माझ्या टेबलावर आहे.
थोर व्यक्तीचा रकाना
मी कोराच ठेवलाय,
थोडा ओला झालाय तो.