दत्तक

सोमवारी सकाळी बोनारिया बाई
चौथीची अकरा मुलं घेऊन माळावर आल्या
आणि म्हणाल्या, बाइंझू, हा नुरागे
आमच्या शाळेनं दत्तक घेतलाय.

मी काठीवर हनुवटी टेकून ऐकलं.
साडेतीन हजार वर्षांचं पोर
अन् आईबाप नऊ वर्षांचे.
कागद होता, कागदावर शिक्का होता,
खाली अकरा सह्या, एक शाईच्या डागात बुडालेली.

माझ्या मेंढ्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं.
त्या आत सावलीला बसल्या होत्या,
जशा माझ्या बापाच्या बसायच्या, त्याच्या बापाच्या.
चुना नाही, माती नाही, दगडावर दगड,
नुसत्या वजनावर तोललेला काळा बुरूज.
आम्ही त्याला निवारा म्हणत आलो.
एफिझिया नावाच्या पोरीनं वहीत लिहिलं:
'आत लेंड्या. अंदाजे चार पोती.'
मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

पहिल्याच दिवशी ती भिंतीतली झुडपं उपटायला लागली
तेव्हा मला तोंड उघडावं लागलं.
उपटू नका रे. मुळानं दगड धरलाय, दगडानं मूळ.
ओढाल तर दोन्ही अंगावर येतील.
बुंध्याशी कापा. वाळू द्या. एक हिवाळा जाऊ द्या.
बाईंनी हे फळ्यावर लिहिलं म्हणे, खाली माझं नाव.
याआधी माझं नाव फळ्यावर आलं होतं
ते दंगा करणाऱ्यांच्या यादीत.

मेंढ्या बाहेर निघाल्या तेव्हा मात्र
मी तीन आठवडे कुणाशी बोललो नाही.
पोरांनी बुचाच्या झाडाखाली फांद्यांचा आडोसा केला,
वाकडा. पहिल्या वाऱ्यात पडला.
दुसऱ्यांदा केला तो टिकला.

जिन्याच्या वळणावर, भिंतीच्या पोटात,
गव्हाणी घुबड राहतं.
अंतिओकोला त्यानं ओकलेल्या गोळ्यात
उंदराची कवटी सापडली, नखाएवढी.
काडेपेटीत ठेवली, वर लिहिलं: 'भाडेकरूचं जेवण'.

मोदू सगळ्यांत सावकाश झाडायचा.
त्याचा बाप उन्हाळाभर किनाऱ्यावर टोप्या विकतो.
एकदा मला म्हणाला,
आजोबांच्या गावाकडे, सेनेगलात,
उभ्या दगडांची रिंगणं आहेत.
ती कोण झाडत असेल?
मी म्हणालो, वारा.
तो म्हणाला, वारा तर इथंही आहे.

मे महिन्यात सारं गाव बघायला आलं, चपला झटकून.
एफिझिया दगडावर उभी राहून सांगत होती:
इथं कोण राहायचं ते आम्हाला माहीत नाही.
पुस्तकालाही नक्की माहीत नाही.
पण मेंढ्या राहायच्या हे नक्की.
पुरावा म्हणून तिनं माझ्याकडे बोट केलं.

जूनमध्ये पत्र आलं.
पहिलीला यंदा एकच नाव.
तेवढ्यासाठी शाळा चालत नाही,
सप्टेंबरपासून बस येईल, वीस किलोमीटर.
दगडाला दत्तक घेता येतं,
मग शाळेला का नाही, मोदूनं विचारलं.
बाई हातावरचा खडू पुसत राहिल्या.
हाताला खडू नव्हता.

पेटी माझ्याकडे ठेवून गेलेत:
पाच ब्रश, एक कात्री, काडेपेटी, वही.
शनिवारी कुणी येतं, कुणी नाही.
मला जमतं तेवढं लिहितो.

'तीन नोव्हेंबर. पाऊस.
उत्तरेकडचा एक दगड बोटभर सरकलाय.
हात लावला नाही.
घुबड आहे.
एक मेंढी आत शिरली होती, हाकलली.'

नंतर बाहेरचा गारठा बघितला
आणि तिला परत आत घेतली.
हे वहीत लिहिलेलं नाही.