बसायची जागा

माझं लग्न झालं त्या हिवाळ्यात झेस्ताफोनीत वीज नव्हती.
कुणाच्या तरी लाडा गाडीची बॅटरी उपसून
जुम्बेरच्या भावाने एकच दिवा लावला, मेजाच्या मधोमध,
आणि खुर्च्या आणल्या खालच्या मजल्यावरच्या झुझुनाने,
अख्ख्या जिन्यातली दारं वाजवत.
एक तर दाताच्या डॉक्टरची होती, फिरकीची.
तिला कुणी नेमलं नव्हतं.
मोबदला म्हणाल तर दुसऱ्या दिवशी उरलेली सात्सिवी,
अक्रोडाच्या रश्श्यातली, डबाभर.

झुझुना आता नापोलीत एका म्हाताऱ्याला अंघोळ घालते.
तिसऱ्या मजल्यावरची लामारा ग्रीसमध्ये.
माझी तातियासुद्धा बारीत, परक्या आजीच्या उशाशी,
रात्री फोनवर कुजबुजते:
आई, कुणाला तरी पैसे देऊन नेम. एकटी मरशील.

तिबिलिसीहून नूत्सा आली. नखं मोत्यासारखी.
टॅबलेटवर बोट फिरवलं की लग्नं सरकायची:
ऑक्टोबरात पिओनीची फुलं, आभाळात ड्रोन,
समुद्र नसलेल्या गावात शिंपल्यांची आरास.
म्हणाली, तुमची कन्सेप्ट काय?
मी म्हटलं, मुलगी बारा दिवसांच्या रजेवर येते आहे.
तिने ते लिहून घेतलं नाही.
एकूण खर्चावर पंधरा टक्के.
म्हणजे खर्च फुगला की तिचं भलं,
एवढं गणित कारखान्याच्या हजेरीखात्यात बसून मलाही येतं.

हॉलचा रेझो म्हणाला, काकू, सगळं आमच्या पॅकेजात.
चांगला आहे रेझो. पण मीठ हॉलचं खातो.

मझिया आली बसने, पिशवीत एक वही.
अकरा वर्षं ॲम्ब्युलन्सचे फोन उचललेली बाई.
फुलं मी ठरवत नाही, म्हणाली,
जेवणातलं तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं,
मी फक्त आदला दिवस आणि तो दिवस.
मग विचारत सुटली.
फ्यूज कुठे आहे?
कोण कोणाशी बोलत नाही?
पेल्यामागून पेला, शब्दांवर मेज हाकणारा तमादा कोण,
आणि कितव्या पेल्याला त्याचा तोल जातो?

तमादा व्हायचंय ओतियाला, जुम्बेरच्या चुलतभावाला.
आवाज खणखणीत. नवव्या पेल्याला रडतो,
दहाव्याला जमिनीची वाटणी उकरतो.
नाही कसं म्हणू? घरचा आहे.

"ते माझ्याकडे द्या," मझिया म्हणाली.
"नाही म्हणायचेच तर मी पैसे घेते.
राग माझ्यावर राहू दे,
सोमवारी मी तुमच्या गावात नसते."

वहीत चौकोन काढले तिने. ती मेजं.
गेलेल्यांच्या नावाने पेला उचलतील
तेव्हा जुम्बेरचं नाव कोण घेणार?
मी म्हटलं, मी नाही.
बरं, म्हणाली,
आणि सांत्वनाला न थांबता पान उलटलं.

"तुम्ही कुठे बसणार?"

मी स्वयंपाकघराच्या दारापाशी बोट टेकवलं.

"तिथे तुम्ही उभ्या राहाल. बसणार कुठे?"

बत्तीस वर्षांत कितीएक लग्नांत वाढलं मी,
परातीच्या कडेवरूनच पाहिली सगळी:
कोपरं, पेले, लोकांचे भांग.
वधू बसलेली कशी दिसते
ते मला फोटोतूनच ठाऊक.

मझियाचे पैसे नूत्साच्या पाव हिश्श्याचे,
तरी घासाघीस केली. ती तसूभर हलली नाही.
तेव्हा पटलं,
ओतियासमोरही हलणार नाही.

रात्री तातियाला कळवलं: मिळाली.
मग रिकाम्या मेजाशी खुर्ची ओढली,
हात मांडीवर ठेवून
बसून पाहिलं.
चार मिनिटं जमलं.
नंतर उठले. ओटा कोरडाच होता,
तरी पुसला.