क्षार

मार्च लागला, कूलरच्या ताट्या उतरवल्या.
मागल्या साली बदलायच्या राहून गेल्या.
मोहननगरात बोअरचं पाणी जड,
वाळा पांढरा पडलाय,
बोटानं टकटक केलं तर फरशीसारखा वाजतो.
यावरून पाणी वाहतं, पण भिजत काही नाही.
पंखा फिरतो
आणि खोलीत येते ती बाहेरचीच झळ.

मला हे लिहायचं नव्हतं.
लिहायचं होतं फिलेमोन दुपारेबद्दल.

फिलेमोन चर्चची घंटा वाजवायचा,
बाकं पुसायचा, दिवे मालवायचा,
आणि विधवा-निधीच्या कपाटाची दुसरी किल्ली
त्याच्या करदोट्याला असायची.
पहिली माझ्याकडे. मी खजिनदार.
अकरा हजार तीनशे रुपये. साल एक्क्याण्णव.
मुलाच्या कॉलेजची फी, शेवटची तारीख शनिवार.
परत ठेवणारच होतो.
(हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय
की त्याला आता माझ्या तोंडाचीही गरज नाही.)

कमिटी बसली. किल्ल्या दोन, माणसं दोन.
मी म्हणालो, "पोलिसात नको. गरीब आहे बिचारा."
केवढा मायाळू ठरलो मी त्या दिवशी.
पुढच्या रविवारी घंटा सात मिनिटं उशिरा झाली,
कुणाच्या तरी नवख्या हातानं.

राखेचा बुधवार आला.
पाळकसाहेबांनी अंगठ्यानं कपाळावर खूण केली,
गेल्या सालच्या झावळ्यांची राख,
आणि हळूच म्हणाले, "फीर."
मी फिरलो
आणि माझ्या बाकाकडे गेलो.

पहिल्या वर्षी चपलेत खडा.
दुसऱ्या वर्षी पायानं त्याला जागा करून दिली.
मग धडा वाचायचं काम माझ्याकडे आलं.
उधळ्या पुत्राची गोष्ट मी अशी वाचायचो
की दोर्कासबाई पदराला डोळे पुसत.
नरकावर प्रवचन असलं की उलट बरं वाटायचं.
आग काय असते ते नागपूरकराला शिकवता?
सत्तेचाळीस डिग्रीत अजनीला
मालगाडीचे डबे मोजत उभा राहिलोय मी.
तरीही आगीची वाट पाहिली, आतून, वर्षानुवर्षं.
ती आली नाही.
आला तो हा थर,
दरवर्षी नखाएवढा.

फिलेमोन कामठी रोडला पंक्चर काढायचा.
एकदा माझी स्कूटर नेमकी तिथंच बसली.
त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली,
बुडबुडा कुठून येतो ते दाखवलं.
पैसे घेतले नाहीत.
"चाक फिरवून पाहा, साहेब," एवढंच बोलला.
मी पाहिलं. छान फिरत होतं.

जरीपटक्याच्या कब्रस्तानात त्याला ठेवला
तेव्हा मीही तीन मुठी माती टाकली.
तिसऱ्या मुठीला हाताला काही कळलं नाही.
तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली,
आणि तीही घरी येईपर्यंत सुकली.

आता त्याची सुवार्ता मिशन हॉस्पिटलात नर्स आहे.
दर महिन्याला माझ्या दंडाला पट्टा बांधते.
"का जी काका, मीठ कमी केलं नं?"
"केलं."
"मग वाढून कसं राह्यलं? काही टेन्शन असन तर सांगा नं."
पट्टा आवळत गेला. कानात नळ्या घालून
ती माझंच आतलं ऐकत होती.
मी तोंड उघडलं.
"झोप लागत नाही," म्हणालो.
तिनं तेवढंच कार्डावर लिहिलं
आणि हवा सोडून दिली.

रात्रभर ताटी बादलीत भिजत घातली.
सकाळी पाणी दुधासारखं, वाळा तसाच ताठ.
कडेची एकच काडी
बोटाखाली वाकली.

आज पुन्हा राखेचा बुधवार.
सुवार्ताची ड्युटी दोनपर्यंत असते.
बारा वाजून गेलेत. चपला दारातच आहेत.
मी ताटी उलटी करतो
आणि पुन्हा बुडवतो.